आयची हाडं आणि माद्यांची मूत्रपिंडं

रोह्याला, धाटावच्या वसाहतीत, मी एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे औषधं आधी उंदरांवर तपासतात. बाहेरून इमारत शेजारच्या केमिकल कंपन्यांसारखीच दिसते. आत गेलं की थंडगार खोल्या, पांढरे उंदीर आणि पिंजऱ्यांत अंथरलेल्या भाताच्या तुसाचा वास.

गेली काही वर्षं आमच्याकडे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारावर काम चाललं आहे. त्यासाठी उंदरांमध्ये हा आजार मुद्दाम घडवून आणावा लागतो. तरुण मादी घ्यायची, भूल द्यायची, दोन्ही कुशींवर छोटी चीर देऊन अंडाशयं काढायची आणि टाके घालायचे. ही शस्त्रक्रिया कधीकधी मीही करते. मग थांबायचं. काही आठवड्यांत हाडं आतून विरळ होत जातात. काही माद्यांना औषध मिळतं, काहींना नुसतं पाणी. शेवटी सगळ्यांनाच मारतात. मांडीचं हाड दुसऱ्या विभागात जातं, मूत्रपिंड माझ्या टेबलावर येतं.

हाडांच्या आजारात मूत्रपिंड कशाला, असं मला सगळेच विचारतात. रक्तातलं कॅल्शियम लघवीतून वाहून जाऊ नये म्हणून मूत्रपिंड ते परत आत ओढून घेतं. ड जीवनसत्त्वसुद्धा तिथे गेल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. ही कामं करणारी प्रथिनं तयार व्हायची, तर ठरावीक जनुकं जागी असावी लागतात. अंडाशयं गेली की त्यांच्याबरोबर एक संप्रेरक जातं आणि यातली काही जनुकं मंदावतात. ती किती मंदावली आणि औषधाने पुन्हा जागी झाली का, हे मी मोजते. मला हे काम आवडायचं. स्वच्छ होतं, आणि उत्तर आकड्यात मिळायचं.

मी मूळची पेणच्या खाडीकडच्या एका गावातली. आईबाप दोघंही मिठागरात कामाला होते. बाप लवकर गेला. आय मात्र अगदी परवापरवापर्यंत हंगामात मीठ ओढायला आणि टोपल्या वाहायला जायची. मी रोह्यात खोली घेऊन राहते, रविवारी गावी जाते आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत येते.

अशाच एका सोमवारी गाडी रोह्याच्या अलीकडच्या निडी स्टेशनात थांबली होती आणि भावाचा फोन आला.

"आय पडली," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मी समोरच उभा होतो गो. आधी पडली नाय. हंडा उचलला, कट् करून आवाज आला, आन् मंग पडली."

मी तिथेच उतरले. उलट्या दिशेची गाडी लगेच नव्हती, म्हणून रिक्षाने नागोठण्याला आणि तिथून एसटीने पेणला गेले. रस्ताभर मला तो कट् ऐकू येत होता. पडल्यामुळे हाड मोडणं आणि हाड मोडल्यामुळे पडणं, यातला फरक मला माझ्या कामामुळे चांगलाच माहीत होता.

पेणच्या दवाखान्यात आय खाटेवर उताणी पडली होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळून आखूड दिसत होता. मला बघितल्यावर तिने पहिलं विचारलं, "कामावर नाय गेलीस?"

डॉक्टर तरुण होता. त्याने एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याने वय विचारलं. साठीसुद्धा गाठलेली नाही, असं सांगितल्यावर त्याने पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"हे हाड ऐंशीच्या बाईचं वाटतंय," तो म्हणाला. "मावशी, पाळी कधी गेली?"

"गेली कुठं? काढली," आय म्हणाली.

मला एवढंच ठाऊक होतं की मी लहान असताना तिचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. बाकीचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तिला अंगावरून खूप जायचं. उभं राहिलं की चक्कर यायची. तेव्हाचा एक डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तेव्हा तिने तिशीही नीट ओलांडली नव्हती.

"पिशवीबरोबर अंडाशयंपण काढली का?" डॉक्टरने विचारलं.

"सगलं काढलं. हिच्या बापाला ट्रेमध्ये ठेवून दाखवलं. तो बोलला, पिशवी होती आन् बाजूला दोन छोटे गोळे होते. त्याने त्या दिवशी जेवण नाय केलं."

मी तिच्या चपला हातात धरून उभी होते. त्या खाली ठेवायचं मला सुचलं नाही. माझ्या माद्यांचंही आम्ही नेमकं हेच करत होतो.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरने आधी आयला विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं घेताय?"

"मिठागरात सगल्याच खातात. सकाळी एक, दुपारी एक. नाय खाल्ली तर टोपली डोक्यावर जात नाय."

मग तो मला घेऊन बाहेर आला. मी कुठे काम करते हे त्याला सांगितल्यामुळे तो थेट बोलला. त्या गोळ्यांनी किडन्या निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. ऑपरेशन पनवेलला करावं लागेल आणि त्यात धोका आहे. "दुसरा खुबा मोडू नये म्हणून एरवी आपण हाडांचं इंजेक्शन देतो. ते यांना देता येणार नाही. किडनीला झेपणार नाही."

ते इंजेक्शन मला ठाऊक होतं. आमच्या एका गटातल्या माद्यांना आम्ही तेच देत होतो.

पनवेलला नेलं, पण किडन्यांमुळे रक्तात वाढलेलं पोटॅशियम खाली येईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकललं. पायाला वजन बांधून आय वाट पाहत पडून राहायची. एका दुपारी तिने विचारलं, "तू त्या कंपनीत नक्की काय करतेस गो? लोक विचारतात, मला सांगता येत नाय."

याआधी मी 'औषधं तपासतो' एवढंच सांगत आले होते. त्या दुपारी मी तिला सगळं सांगितलं. अंडाशयं काढतो, हाडं ठिसूळ होऊ देतो, मग मूत्रपिंड काढून बघतो.



"म्हंजे माझ्यासारख्या करता त्यांना."

"व्हय," मी म्हटलं.

"आन् कामाला लावता?"

"नाय. पिंजऱ्यात असतात. खायला वेळेवर मिळतं."

"मंग बरं हाय त्यांचं," ती म्हणाली. मला वाटलं ती हसेल, पण ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "दुखतं का त्यांना?"

मी म्हटलं, टाके घातल्यावर थोडे दिवस वेदनेचं औषध देतो. नंतर दुखतं का, ते आम्ही मोजत नाही.

त्याच आठवड्यात एका गटाचा शेवटचा दिवस होता. सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, रजा घे म्हणून सांगितलं होतं. पण मूत्रपिंड बाहेर काढल्यावर ते क्षणात गोठवावं लागतं, आणि तो सराव असलेलं माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. भाऊ आयजवळ बसला आणि मी धाटावला गेले.

एकामागून एक माद्या येत होत्या. मी मूत्रपिंड सोडवायची, वरची चरबी काढायची, वजन करायची, द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची. घेवड्याच्या दाण्यासारखा तो लाल गोळा आत गेला की चर्र आवाज होतो आणि पांढरी वाफ येते. हात नेहमीसारखेच चालत होते. त्याचीच मला भीती वाटली.

मधल्या सुट्टीत मी सरांना विचारलं, "आपण यांना वर्षानुवर्षं वेदनेच्या गोळ्या दिल्या, वजनं उचलायला लावली, उन्हात पाणी कमी दिलं, तर काय दिसेल?"

सर चांगला माणूस. आयचं त्यांना माहीत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. सगळं एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही."

ते बरोबर होतं. वॉर्डात पडलेल्या आयचं मात्र सगळं एकदमच बदललं होतं, आणि कशामुळे काय झालं हे शोधायला तिच्याकडे वेळ उरला नव्हता.

ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती एकदा उभी राहिली. भावाने फोटो काढला, त्यात तिचा चेहरा वेदनेने वाकडा झालेला आहे. मग लघवी कमी झाली, पायांवर सूज चढली. डायलिसिस सुरू झालं. घरी आणल्यावर आठवड्याला दोनदा पनवेलच्या वाऱ्या सुरू झाल्या. गाडीत प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड आवळायची. त्यातच एकदा खाटेवर कुशीला वळवताना बरगडी गेली. वळवत मीच होते. बोटांखाली मला ते कळलं.

त्यानंतर तिने सांगितलं, "आता मला सुया नको. गाडी नको."

भाऊ चिडला. "तू शिकलेली ना? सांग तिला. थांबवलं तर काय होईल ते सांग."

मी सांगितलं. सूज वाढेल, श्वास लागेल, मग झोप येईल आणि त्या झोपेतून उठता येणार नाही. आयने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झोपेत दुखतं?"

"नाय."

"मंग झालं तर."

भाऊ उठून बांधावर निघून गेला. तो अंधार पडल्यावर आला आणि तिचे पाय चेपत बसला. दाबलं की सुजेत बोटांचे खड्डे पडत होते. पुढे थोडेच दिवस ती होती. शेवटचे दोन दिवस तिने कुणालाच ओळखलं नाही. सकाळी चहा घेऊन मी आत गेले तेव्हा श्वास थांबला होता.

कामावर परतले तेव्हा त्या गटाचं विश्लेषण माझी वाट पाहत होतं. औषध न दिलेल्या माद्यांमधली कॅल्शियम ओढून घेणारी जनुकं खाली गेली होती, औषधवाल्यांमधली थोडी सावरली होती. सरांना अपेक्षा होती तसंच आलं होतं. मी आलेख काढून दिला. माद्यांवरची शस्त्रक्रिया मला यापुढे देऊ नका, एवढं मात्र मी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

तेराव्याला आयच्या बरोबरीच्या मिठागरातल्या बायका पडवीत बसल्या होत्या. कशाने गेली, असं त्या मला परत परत विचारत होत्या. मी गोळ्यांचं सांगितलं. मग पिशवीचं सांगितलं. बोलता बोलता मी विचारलं, तुमच्यात कुणाकुणाची काढली आहे?

 एकीने पदर नीट केला आणि म्हणाली, "माझी." तिच्या बाजूची म्हणाली, "माझीपण." ते पडवीभर सरकत गेलं. न काढलेल्या दोघीतिघीच होत्या, आणि त्यातली एक पुढच्या महिन्यात काढणार होती.

मी म्हटलं, निदान रक्त तपासून घ्या, पेणला सरकारी दवाखान्यात मी स्वतः नेते. पुढच्या महिन्यात काढणार होती तिला म्हटलं, आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवू.

पुढच्या सोमवारी स्टँडवर दोघी आल्या. बाकीच्यांनी निरोप पाठवला होता की मीठ काढायचे दिवस आहेत, पावसाळ्यात बघू.