विदूची व्होलने

विदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात होतो. मंगळवारची सकाळ, नऊ-सव्वानऊ. त्याची बायको, शुभदावहिनी, एवढंच म्हणाल्या, "भावजी, गेला तो. पहाटे." मी "निघतोच" म्हणून फोन ठेवला आणि पुढच्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही. पण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मनात आलं, सुटलो. तीस वर्षांचा मित्र गेला आणि मला हायसं वाटलं, कारण आता तो मला त्या बाटलीबद्दल पुन्हा कधी विचारणार नव्हता... विदूबद्दल दुसरं काहीही लिहायला बसलो तरी ती बाटली मध्ये येते. म्हणून आधी तिचंच लिहितो.

विद्याधर आणि मी पुण्यात इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. नादी लागणं हा त्याचा स्वभाव होता. कॉलेजात बुद्धिबळ, मग होमिओपॅथी, मग काही वर्षं तंबोऱ्याच्या तारा. ज्या गोष्टीच्या नादी लागला ती आसपासच्या प्रत्येकाला शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. न्यूझीलंडला तो माझ्याआधी दीड वर्ष आला. मी आलो तेव्हा मला, अनघाला आणि आमच्या दोन मुलांना त्याने आपल्या घरात तीन महिने ठेवून घेतलं. माझा बायोडेटा त्याने सात वेळा दुरुस्त केला आणि सातही वेळा माझी अक्कल काढली. त्याचे उपकार असे असत. घेताना जीव नकोसा व्हायचा.

वाइनचा नाद त्याला इथेच लागला. आमच्या हेन्डरसनच्या बाजूला क्रोएशियातून आलेल्या कुटुंबांचे जुने द्राक्षमळे होते. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या कोठाराचा पाया खचला म्हणून विदूला पाहणीला पाठवलं. पाया तासाभरात बघून झाला, पण विदू तिथून संध्याकाळी बाहेर पडला. म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, की माझी वाइन चांगली आहे, पण तुला कळायचं असेल तर बर्गंडी पी. झालं. महिन्याभरात टाकानिनीच्या त्याच्या नव्या घरातल्या बैठकीच्या भिंतीवर फ्रान्सच्या त्या प्रांताचा नकाशा लागला. उत्तर-दक्षिण पसरलेला एक अरुंद उतार, त्यावर चिकटून बसलेली गावं, आणि प्रत्येक गावाचे शेताएवढे तुकडे वेगवेगळ्या रंगात.

"सुध्या, इथल्या बाटलीवर काय लिहितात? पिनो न्वार. शार्दने. द्राक्षाचं नाव. तिथे बाटलीवर द्राक्षाचं नाव शोधून सापडायचं नाही. गावाचं नाव असतं. व्होलने, पोमार, मर्सो. लाल असेल तर पिनोच असणार आणि पांढरी असेल तर बहुतेक शार्दनेच, हे तुला माहीत असायला हवं. आपण आंब्याच्या पेटीवर काय बघतो? देवगड."

"आणि नसेल माहीत तर?"

"तर बीअर पी."

हे सगळं एकदा ऐकायला बरं होतं. पण तो ते दर भेटीत ऐकवायचा. तिथल्या एकेका मळ्याच्या वारसाहक्काने चिंधड्या कशा झाल्या आणि एकेकाच्या वाट्याला दोन-चार ओळी वेली कशा उरल्या, हे सांगताना तो सातबाऱ्यावर जायचा आणि मग त्याच्या काकांच्या कोर्टकचेरीवर. कुणाकडे जेवायला आला तर स्वतःचे ग्लास टॉवेलात गुंडाळून आणायचा. दिवाळीच्या फराळाला त्याने आलिगोते नावाची एक आंबटसर पांढरी वाइन आणली, चकलीबरोबर तीच लागते म्हणून, आणि ठेचा वाढणाऱ्या बायकांना सांगितलं की तुम्ही जिभेचा खून करताय. अनघाच्या आमटीचा त्याने पानावर वाकून वास घेतला आणि म्हणाला, "हिंग आधी येतो, गोडा मसाला मागून. छान." अनघा स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आमटी आहे ती. याला खायला सांग."

त्याच सुमारास तो म्हातारा मळा विकून मुलीकडे राहायला गेला आणि जाताना त्याने विदूला आपल्या कोठारातली एक बाटली दिली. व्होलनेची, आणि नेमकी ऋताच्या जन्मसालची. ऋता म्हणजे विदूची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहावीच्या वयाची. विदूने ठरवलं, की ही तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला उघडायची. इथे एकविसावा वाढदिवस मोठा करतात. पण टाकानिनीचं त्याचं घर नवं, काँक्रीटवर बसलेलं आणि उन्हाळ्यात तापणारं. आमचं हेन्डरसनचं घर जुनं, लाकडी, उतारावर खांबांवर उभं. जमिनीखालच्या पोकळीत बाराही महिने गार असतं. म्हणून एका रविवारी विदू बाटली बाळासारखी कुशीत घेऊन आला, घराखाली रांगत गेला आणि विटांच्या दोन थरांमध्ये तिला आडवी निजवून आला. बूच ओलं राहायला हवं म्हणून आडवी. अनघा म्हणाली, "गावाकडे बाटली आडवी करायला बायकांना मतदान घ्यावं लागतं. हे भावजी स्वतःच करतायत." विदूला हसू आलं नाही. कपड्यांची माती झटकत तो म्हणाला, "सुध्या, हात लावायचा नाही. हलवायची नाही. विसरून जा."

दोन वर्षांनी माझी आई पुण्याहून सहा महिने राहायला आली. येत्या शनिवारी सत्यनारायण करायचा असं तिने ठरवलं आणि बुधवारी मला म्हणाली, "घराखाली गार असतं म्हणतोस ना? फुलं आणि विड्याची पानं तिथे ठेवू." आमच्याकडे कोणी कोणी भेट दिलेल्या पाच-सहा बाटल्या खालीच पडून होत्या. पूजेच्या घरात दारू, हे आईला कळलं असतं तर ती काही बोलली नसती, फक्त जेवली नसती. मी पहाटे उठलो, खोका घेऊन खाली गेलो आणि बाटल्या भरल्या. विदूचीही हातात आली. ती ओळखली नाही असं मी पुढे कितीदा मनात घोळवून पाहिलं, पण ते खरं नाही. मी ती ओळखली. खांबांमधून उजाडलेलं दिसत होतं, लेबलावरचं गावाचं नाव मला वाचता येत होतं. आदल्याच आठवड्यात एका जेवणात विदूने चारचौघांत माझ्या हातातला ग्लास काढून घेतला होता आणि यजमानांना म्हणाला होता, "याला बीअर द्या हो, ही वाया जाईल." ते मला लागलं होतं. बाटली विदूकडे नेऊन देता आली असती, गाडीत ठेवता आली असती, शेजाऱ्याकडे देता आली असती. मी ती खोक्यात टाकली आणि खोका ऑफिसच्या किचनमध्ये नेऊन ठेवला. शुक्रवारी चारनंतर तिथे सगळे जमून काहीबाही पितात. मी मीटिंगमधून बाहेर आलो तेव्हा व्होलने रिकामी होती आणि ग्रॅहम नावाचा आमचा एक सहकारी कॉफीचा मग हातात धरून खिडकीशी उभा होता. मी त्याला काही विचारलं नाही. रिकामी बाटली काचेच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. शनिवारी पूजेत, खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा अध्याय आला तेव्हा समईची वात सारखी करायचं निमित्त करून मी उठलो.

पुढची साडेतीन वर्षं विदू भेटला की निघताना हटकून विचारायचा, "झोपलीय ना?" आणि मी म्हणायचो, "झोपलीय." एकदा त्याने खाली जाऊन बघायचं ठरवलं, तेव्हा मी त्याचाच नियम त्याला ऐकवला, की हलवायची नाही, विसरून जायचं. त्यावर तो फार खूश झाला. "शिकलास," म्हणाला. मी तशी बाटली शोधलीही. एका दुकानदाराने हसून सांगितलं, की त्या सालची व्होलने या देशात बहुधा कुणाकडे नसेल. सांगून टाकावं असं दर वेळी वाटायचं आणि दर वेळी विदू असं काहीतरी बोलायचा की चीड यायची आणि सांगणं राहून जायचं. त्याच्यावर चिडणं मला फार सोयीचं होतं.

मग त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटच्या भेटीत तो घरीच होता, बैठकीत नकाशाखाली लावलेल्या पलंगावर. आवाज खोल गेला होता, पण शिकवायची खोड नव्हती गेली. "लिहून घे," म्हणाला. मी खिशातला एक लिफाफा काढला. "दोन दिवस आधी उभी कर, गाळ खाली बसू दे. हेन्डरसनहून इथे आणताना डिकीत टाकू नकोस, अनघाच्या मांडीवर दे. अर्धा तास आधी उघड, त्याच्या आधी नको. तंदुरी जवळ पेटवू देऊ नकोस कुणाला. पहिला घोट ऋताला. आणि ग्लास दांडीला धर... वाटीसारखा नको धरूस." मी सगळं लिहून घेतलं. नसलेली बाटली कशी उघडायची ते मी मुद्देसूद लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "तुझ्याकडे आहे म्हणून मला काळजी नाही." नेमकं तेव्हा कुणी आलं, फोन वाजला, असं मी सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं. कुणी आलं नाही. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या, ऋता कॉलेजात होती. चांगली पंधरा मिनिटं आम्ही दोघंच होतो आणि मी गप्प बसलो.

वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे. मागच्या रविवारी टाकानिनीला जाऊन मी दोघींसमोर हे सगळं सांगितलं. वहिनी बराच वेळ हातातल्या पंच्याची घडी घालत राहिल्या.

"त्याला सांगितलं असतंत तर त्याने तुम्हाला सहा महिने छळलं असतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग छळून घ्यायचं होतं, भावजी. एवढं तरी करायचं होतं त्याच्यासाठी."

ऋताने लिफाफा मागून घेतला, दोनदा वाचला. मला वाटलं ती रडेल. तिने विचारलं, "काका, पण सो व्हॉट वॉज इट लाइक? कशी होती?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ग्रॅहम आता क्राइस्टचर्चला असतो. सोमवारी त्याला शोधून फोन केला. वाटलं होतं त्याला काही आठवणार नाही. "ती जुनी लाल?" तो लगेच म्हणाला. "बाकी सगळ्यांनी बीअर घेतली, मेट. मला आधी वाटलं ही गेलेली आहे. रंग विटकरी, चव काहीच नाही. मग टाकू म्हणून सिंकपाशी गेलो आणि वास आला... पाऊस पडून गेल्यावर झाडाखाली पानं कुजतात ना, तसा. आणि सुकलेले गुलाब. साडेचारचा क्लायंटचा फोन मी घेतलाच नाही. सगळी मीच संपवली, सॉरी. त्यानंतर पिनो ढिगाने प्यायलो, पण तशी नाही मिळाली. कुठून आणली होतीस?"

मी त्याला गावाचं नाव सांगितलं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढले. संध्याकाळी ऋताला फोन करून वाचून दाखवले.

"म्हणजे बाबा बरोबर होता?"

"हो."

"ऑफ कोर्स," ती म्हणाली. "ॲनॉइंग ना, काका?"

"फार," मी म्हणालो.