गणपती डोक्यावर, बूट पायात

परवा नातवाने मुंबईहून डोंगरात चालायचे बूट आणले. खाली रबराचे दात, वरून पाणी आत शिरत नाही म्हणतो. मी विचारलं, "आणि शिरलंच तर बाहेर कुठून जाईल?" तो बूट उलटासुलटा करून बघायला लागला. माझी शाळा चौथीपर्यंत, पण ओल्या कातळावर पाय कसा टेकवायचा हे मला कोणी शिकवू नये.

आमचं गाव देवरूखहून सडा, म्हणजे उघड्या कातळाचा माळ, ओलांडून पलीकडे. पावसात त्या काळ्या कातळावर शेवाळ धरतं, भेंडीच्या रसासारखं बुळबुळीत. आमचा बाप पावसाच्या तोंडावर चामड्याच्या वहाणा तेल लावून माळ्यावर टाकी आणि चार महिने अनवाणी फिरे. मी टायरच्या वहाणा केल्या, त्या घसरल्या. प्लास्टिकचे बूट घेतले, तर आत घाम सुटून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. मग ऐंशीच्या पुढच्या एका साली मुलाने कंपनीतले गमबूट आणले. भरून वाहणारा पऱ्या ओलांडताना त्यात वरून पाणी भरलं आणि दोन्ही पायांत दोन कळशा घेऊन मी घरी आलो. तरी अख्खा आषाढ तेच घातले. मुलाला सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती ना!

त्याच भाद्रपदात गणपती आणताना सड्यावर माझा पाय सटकला. तेव्हा मी अनवाणीच होतो, कारण देव डोक्यावर असताना पायात काही घालायचं नाही ही आमची रीत. गुडघ्यावर आपटलो, पण पाट सोडला नाही. मूर्तीला ओरखडाही नाही. मागे कोणी नव्हतं, म्हणून घरी बोललो नाही. बोललो असतो तर देव आणायचा मान मुलाकडे गेला असता. पण वर्षभर तो कातळ डोळ्यांपुढून हलला नाही. मूर्ती भंगली असती तर कुठल्या तोंडाने दारात उभा राहिलो असतो?

पुढल्या वर्षी मी कॅनव्हासचे बूट घेतले. तळाच्या वर, कडेला, तापलेल्या सळईने चार-चार भोकं पाडली, आलेलं पाणी जायला. तळव्याखालून सुंभाचे दोन वेढे घेऊन वर गाठ मारली. डोक्यावर भाताचं अर्धं पोतं घेऊन सड्यावर दोन खेपा केल्या. नारळाच्या काथ्याने शेवाळ असं धरलं की पाय उचलताना जोर लागे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मूर्तिकार माझे पाय बघून म्हणाला, "काका, बूट घालून देव उचलणार?"

"यात चामडं कुठाय दाखव."

"चामडं नाय, पण बूट तो बूटच ना ओ."

"मग आरतीला मृदंग वाजवतोस त्याला काय केळीचं पान लावलंय?"

तो हसला आणि पाट माझ्या डोक्यावर ठेवला. मुलगा मेणकापड सावरत मागून चालला. "बाबा, द्या माझ्याकडे," असं तीनदा म्हणाला. मी तीनदा ऐकलं नाही. गेल्या वर्षीची जागा आली तेव्हा श्वास धरला. पाय टेकला आणि तिथेच राहिला.

दारात वैनी उभी. माझ्या थोरल्या भावाची बायको, भाऊ गेल्यापासून घरात तिचा शब्द शेवटचा. हातात ऊन पाण्याचा तांब्या आणि ओवाळायला भाकरीचा तुकडा.

"भावोजी, पायात काय ते?"

"कॅनव्हास."

"काढा आधी."

मुलगा वाकला, पण भिजलेल्या सुंभाच्या गाठी आवळून बसलेल्या. सुटेनात. वर पाऊस, डोक्यावर देव, आणि मी उंबऱ्याबाहेर खांबासारखा.

शेवटी बोललो. "वैनी, गेल्या वर्षी सड्यावर पडलो मी. गुडघ्यावर. देव वाचला, तो कसा ते मला ठाव नाय. औंदा अनवाणी चालायची छाती झाली नाय."

वैनीने तुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या माझ्या बुटांवर ओतला. पाणी वरून शिरलं आणि भोकांतून आठ धारा लागल्या.

"अगो बाय, गळतायत की तुमचे बूट!"

"गळायलाच हवेत."

ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "पडला होतात तर सांगायचं होतंत. आता आतली चार पावलं पोराला नेऊ दे."

मी पाट मुलाच्या हातात दिला. मान अशी हलकी झाली की क्षणभर ती आहे की नाही कळेना. पायरीवर बसून कोयतीने सुंभ कापला. पाय पांढरेफटक, सुरकुतलेले. गुडघे मात्र कोरे.

पुढच्या भाद्रपदात वैनीने स्वतः सुंभाची दोन वेटोळी खुंटीला अडकवून ठेवली होती. एक माझं, एक मुलाचं.