मास्तरांनी बेतलेला चोर

माणूस दुकानात शिरला की टेलर मास्तर आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. आधी खांदे, मग कंबर, मग सुळकन खाली चपलेपर्यंत नजर जाऊन परत वर येई. गिऱ्हाईक नमस्कार-चमत्कार करत असे तोवर मास्तरांच्या डोक्यात त्याची पँट बेतून तयार असे. टेप ते लावत, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "माझी नजर आणि टेप जुळली नाही तर मी टेप बदलतो," असं ते म्हणत, आणि यात काही विनोद आहे असं त्यांना वाटत नसे.

दुकान पुरुषांच्या कपड्यांचं. कोट, पँट, जाकीट. बेतणं, कापणं, शिवणं मास्तरांचं. काजं, बटणं आणि तुरपाई बायको घरी करी आणि रोज दुपारी तयार कपड्यांचा गठ्ठा खांद्याला अडकवून दुकानात आणून देई. ती आली की मास्तर गठ्ठा सोडत आणि एकेक बटण ओढून बघत. बटण कधी तुटलं नाही, त्यामुळे बोलण्यासारखंही काही निघत नसे. एकतीस वर्षं हे असंच बिनबोभाट चाललं होतं.

मापाला इतका जपणारा माणूस, आणि त्याच्या नशिबी आली चौघांत मिळून एक गाडी!

झालं होतं असं. त्यांच्या जिन्यावर चार घरं. वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर, खाली कप्तान, समोर गणिताच्या निवृत्त बाई, आणि हे. कप्तान कुठल्या जहाजाचे कप्तान नव्हते, जन्मभर नाक्यावरच्या पोस्टात शिक्के मारत होते, पण मिशा अशा की दुसरं काही म्हणवेना. तीन वर्षांपूर्वी बाईंनी सगळ्यांना बसवून हिशोब सांगितला. शहरात गाडी दिवसातून तासभर चालते आणि तेवीस तास उभी राहते. मग नुसती उभी करायला चार गाड्या कशाला? एक पुरे. जिन्याखाली खिळ्यावर किल्ली राहील, शेजारी पाटी राहील, ज्याला हवी त्यानं वेळ लिहावी आणि न्यावी.

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मास्तरांची मान काही हलेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, करा ना सही. बाई कधी चुकतात का?" आणि मास्तरांनी सही केली. त्या दिवसापासून ते त्या साईभरल्या दुधाच्या रंगाच्या गाडीबद्दल कुरकुरत होते.

कारण गाडी कधीही त्यांच्या मापाची मिळत नसे. डॉक्टर ताडमाड, त्यांच्यानंतर बसावं तर सीट इतकी मागे की पाय पोचावेत म्हणून मास्तरांना जवळजवळ आडवं व्हावं लागे. बाईंनंतर बसावं तर पाठ काटकोनात. कप्तानांनंतर आतला आरसा रस्त्याकडे नव्हे, सरळ तोंडाकडे वळलेला, कारण प्रत्येक सिग्नलला कप्तान मिशांवरून कंगवा फिरवीत. पाटी न वाचताही मास्तर सांगत, की आत्ता कोण उतरून गेलं.

"दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून लग्नाला जाईल का कुणी?" ते बायकोला विचारत.

"आपल्याला कुठे लग्नाला जायचंय?" ती दोरा दातानं तोडत म्हणे. "भाजी आणायचीय."

पण मास्तरांच्या मनानं घेतलं होतं. स्वतःची गाडी घ्यायची, सीट एकदा लावायची आणि मरेपर्यंत हलवायची नाही. ते एका शोरूममध्ये जाऊन एका निळ्या गाडीत पाऊण तास बसूनही आले. विक्रेत्यानं तीनदा विचारलं, "काका, इंजिनाबद्दल काही सांगू?" तर म्हणाले, "थांब, फिटिंग बघतोय."

रात्रीच्या जेवणाला त्यांनी निळ्या गाडीचं नाव काढलं. बायकोनं वाढता वाढता विचारलं, "आणि तिची किल्ली कुठे राहील?"

"कुठे म्हणजे? माझ्या खिशात."

"हं," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात मागितली नसताना आणखी भाजी वाढली.

रविवारी कराराचं चौथं वर्ष सुरू करायला सगळे जमणार होते. एकानं अंग काढलं की गाडी विकायची, असं पहिल्या दिवशीच ठरलेलं. मास्तरांना अंग काढायचं होतं, पण तीन शेजाऱ्यांचं वाहन मोडताना हातात सबळ कारण हवं. नुसतं 'मला टोचतं' म्हटलं की डॉक्टर हसणार.

कारण मास्तरांच्या हाती आधीच लागलं होतं. दीड महिन्यापूर्वी, एका मंगळवारी.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी गाडी बाईंची आणि संध्याकाळी मास्तरांची. मध्ये कुणी नाही. पाटीवर तसं स्वच्छ लिहिलेलं. त्या मंगळवारी मास्तर आत बसले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट बाईंच्या नेहमीच्या जागेपेक्षा चार खाचा पुढे! पाठीशी उशी ठेवल्याचा खळगा, डाव्या बाजूला जास्त दबलेला. आरसा खाली झुकवलेला आणि जरासा तिरका. हे ना डॉक्टर, ना कप्तान, ना बाई. गाडी पाचवंच कुणी चालवत होतं.

शुक्रवारी पुन्हा तेच. मास्तरांनी खिशातला खडू काढून सीटखालच्या पट्टीवर खूण केली. पुढच्या मंगळवारी सीट बरोबर त्या खुणेवर! रागापेक्षा त्यांना आनंदच जास्त झाला असावा, कारण ते शीळ घालत घरी आले. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्याला अख्खं शीत मिळालं होतं.

"बाई कुणाला तरी गाडी देतात गुपचूप," त्यांनी बायकोला सांगितलं. "उंची पाच फूट एक. पाय आखूड, पाठ लांब. एक खांदा उतरलेला."

बायकोच्या बोटाला सुई टोचली. "देत असतील. गाडी काय झिजते का?"

"झिजत नाही? सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही. उद्या अख्खं गाव बसेल."

मास्तरांचा पहिला संशय डॉक्टरांच्या मदतनीस मुलीवर गेला. ती बुटकी होती आणि बाईंची जुनी विद्यार्थिनी. तिला नीट उभी बघायला हवी म्हणून मास्तर दाढदुखीचं सोंग घेऊन दवाखान्यात गेले. ती औषधं काढायला कपाटाशी उभी राहिली तसे हे खुर्चीत आडवे पडून, मान वाकडी करून तिचं माप घेऊ लागले. पाच फूट तीन. खांदे सरळ रेषेत. निर्दोष! ते उठणार तेवढ्यात डॉक्टर त्यांच्या तोंडाशी दिवा धरून म्हणाले, "मास्तर, वेळेवर आलात. किडलीय हो!" अर्ध्या तासानं मास्तर सुजलेला गाल धरून जिना उतरले. दाढ खरंच गेली होती, आणि चोर मोकळाच होता.

मग त्यांनी जिन्यात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मापाचा सपाटा लावला. इस्त्रीवाली म्हणाली, "मास्तर, काय बघताय असं? कपडे आणलेत मी मोजून." तेव्हा कुठे ते थांबले.

शनिवारी दुपारी त्यांनी दुकानाचं दार अर्धं ओढलं, खाकी कागद पसरला आणि जे नजरेत होतं ते कागदावर उतरवलं. सीटच्या खाचांवरून पायाची लांबी, आरशावरून डोळ्यांची उंची, उशीच्या खळग्यावरून पाठ. चाळीस वर्षांत त्यांनी इतकं जीव ओतून काही बेतलं नव्हतं. कात्री फिरली आणि टेबलावर चोर तयार झाला, फक्त डोकं तेवढं नव्हतं. बायको गठ्ठा घेऊन आली तेव्हा त्यांनी तो घाईघाईनं गुंडाळून ठेवला. ती म्हणाली, "कुणाचं एवढं?" हे म्हणाले, "उद्या कळेल."

रविवारी कप्तानांच्या बैठकीच्या खोलीत सगळे बसले. चहा झाला. बाईंनी कागद पुढे केला. मास्तरांनी पेन घेतलं नाही. ते उठले, गुंडाळी सोडली आणि खाकी कागदाचा माणूस चहाच्या टेबलावर आडवा पसरला. कपबशा उचलाव्या लागल्या.

"हा आपला पाचवा भिडू," मास्तर म्हणाले. "मंगळवारी-शुक्रवारी सकाळी, बाईंच्या वेळेत, आपली गाडी हा चालवतो. म्हणून मी यंदा सही करणार नाही. माझी मी वेगळी गाडी घेतोय. बाई, राग मानू नका, पण तुम्ही कुणाला गाडी देता?"

बाईंनी चष्मा पुसला. कप्तान मिशीआड काहीतरी दाबत होते. डॉक्टर वाकून कागद बघत म्हणाले, "पण मास्तर, माणूस कसा, ते सांगा ना."

मास्तरांना एवढंच हवं होतं. खडूचं टोक कागदावर ठेवून ते गिऱ्हाइकाला समजवावं तसं सांगू लागले. "माणूस बुटका, पण ताठ बसणारा. शिस्तीचा, सीट दर वेळी एकाच खाचेत. घाबरट नाही, कारण आरसा मागचं दिसेल असा लावतो, स्वतःचं तोंड दिसेल असा नाही." कप्तान खोकले. "आणि हा डावा खांदा बघा. अर्धा इंच खाली. जन्मतः असा नसतो हा. हा ओझ्यानं उतरतो. हा माणूस वर्षानुवर्षं, रोज, एकाच खांद्यावर काहीतरी वाहत आलाय."

"काय वाहत असेल हो?" बायकोनं कोपऱ्यातून विचारलं.

"जड काहीतरी. गठ्ठाबिठ्ठा," मास्तर म्हणाले, आणि तिथेच थांबले.

खोलीतल्या कुणीही मास्तरांकडे बघत नव्हतं. सगळे त्यांच्या बायकोकडे बघत होते. ती उठली, टेबलाशी आली, कागदाचा माणूस दोन्ही हातांनी उचलून तिनं स्वतःच्या अंगाला लावला. खांद्याला खांदा बसला. कंबर बसली. चोराच्या टाचा तिच्या चपलांना टेकल्या.

"छान बेतलाय," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझं माप घेतलंत. तेही मी नसताना."

"काखेत कळसा," बाई चष्मा डोळ्यांवर चढवत पुटपुटल्या. "मी कुणाला गाडी देत नाही, मास्तर. मी शेजारच्या सीटवर बसते. वहिनींचं लायसन्स गेल्या सोमवारी आलं. परीक्षेत एक चूक नाही."

 मास्तरांना लाज वाटली, आणि ती लपवायला हातात टेपसुद्धा नव्हती. "मी पुरुषांचा शिंपी आहे," ते कसंबसं म्हणाले. मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, "मला सांगितलं का नाहीस?"

तिनं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असता. आणि निळी गाडी आली असती तर तिची किल्ली तुमच्या खिशात. मी हात पुढे करायचा, तुम्ही विचारायचं कुठे, कशाला, किती वेळ. ही किल्ली खिळ्यावर असते. खिळा काही विचारत नाही." मग म्हणाली, "तुम्हाला ही गाडी कुणाचीच वाटते. माझी ती एवढीच आहे, मंगळवारची आणि शुक्रवारची. ती मोडू नका."

 मास्तरांनी कागदाच्या माणसाकडे पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे. रोज दुपारी दुकानात आलेली ही बाई त्यांनी खांद्यापासून चपलेपर्यंत आज पाहिली. मग त्यांनी पेन मागितलं. सही करताना एवढंच म्हणाले, "खांदा अर्धा नाही, पाऊण इंच आहे. चुकलं माझं." चाळीस वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं, आणि डॉक्टर ते सगळ्या पेशंटांना सांगणार यात शंका नव्हती.

मंगळवारी दुपारी दुकानासमोर साईच्या रंगाची गाडी येऊन थांबली. शेजारच्या सीटवर कपड्यांचा गठ्ठा ऐटीत बसलेला, त्याला पट्टासुद्धा लावलेला. मास्तर खडू कानाला अडकवून बाहेर आले. गठ्ठा उतरवला, पण आज बटणं ओढून बघितली नाहीत. ते दाराशी घुटमळत उभे राहिले.

"संध्याकाळी कापड बघायला जायचंय," ते म्हणाले. "पाटीवर माझं नाव आहे. पण म्हटलं, तूच सोडशील का?"

"लिहा मग तसं पाटीवर."

"लिहूनच आलोय सकाळी."

संध्याकाळी ते शेजारच्या सीटवर बसले. गुडघे पुढे टेकत होते, पट्टा मानेला काचत होता, सीट कुणाच्या मापाची होती देव जाणे. त्यांचा हात सवयीनं सीटखालच्या दांड्याकडे गेला, आणि मग वर आरशाकडे.

"आरशाला हात लावू नका," बायको म्हणाली, आणि तिनं गाडी काढली.