दीड चमचा तेल

मिरकरवाड्याच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर योगिनी गोताड हिचं वर्कशॉप आहे. मच्छीमार बोटींच्या सुकाणूचे तेलावर चालणारे पंप दुरुस्त करणं हा तिचा धंदा. राजापूरजवळच्या गावातून ती आयटीआयला आली, लोट्याच्या एका कंपनीत नऊ वर्षं पंप उघडले-जोडले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. कधी न उघडलेली वस्तू समोर आली की तिचा जेवणाचा डबा तसाच राहतो, हे बंदरावर सगळ्यांना माहीत आहे.

हे ऐकूनच चिंतामणी लिमये गेल्या मंगळवारी तिच्याकडे आले. आंब्याच्या बागा सांभाळणारे सत्तरीचे गृहस्थ. गाडी १९६७ची, विलायती, ठेंगणी, दोनच माणसांची. मागचा भाग दाबून सोडला की ती चार-पाच वेळा डुलत राहायची.

"काका, मागचे शॉकअप गेलेत. नवे टाका."

"असले मिळत नाहीत आता. पुण्याचा गॅरेजवाला म्हणतो, चासी कापू आणि हल्लीचे नळीवाले बसवू. सोमवारी गाडी न्यायला येतोय. एकदा कापली की कापली. त्याआधी तुला जमतंय का बघ."

योगिनी गाडीखाली शिरली. नळी कुठेच नव्हती. सोललेल्या नारळाएवढा ओतीव डबा आणि त्यातून बाहेर आलेला एक दांडा, दोन्ही बाजूंना तसाच. तिने एक उतरवून उघडला. आत शेजारी शेजारी दोन पिस्टन होते. चाक उचललं की एक खाली जायचा, दुसरा वर, आणि तेल बारीक झडपेतून पलीकडे ढकललं जायचं. त्या ढकलण्यातच गाडीचा धक्का जिरायचा.

"हा तर पंपच आहे," ती म्हणाली. "फक्त कुठे काही पाठवत नाही."

बोटीचा तांडेल नितेश आपल्या पंपाची वाट बघत दारात उभा होता. "ताय, ही पाण्यात चालते काय?"

"चालली असती तर तुझ्या बोटीपेक्षा सरळ गेली असती."

दांड्याचा शाफ्ट झिजला होता, तिथूनच तेल गळत होतं. तिने शाफ्टभोवती बसणारा नवा बुश कातला, सुकाणूच्या पंपाचं सील बसवलं आणि डबा काठोकाठ भरला. दुसऱ्या डब्यालाही तेच केलं. बोटीच्या सुकाणूत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी चाक नुसतंच फिरतं. वीस वर्षं ती बुडबुडे हाकलत आली होती. इथेही तिने एकही राहू दिला नाही.

शनिवारी लिमये आरे-वारेच्या वळणांवरून मालगुंडला जाऊन आले. गाडी डुलली नाही. पण दुकानासमोर थांबली तेव्हा दोन्ही डबे तेलाने ओले होते.

"असू दे, योगिनी," लिमये म्हणाले. "सोमवारी येऊ दे त्याला."

"उद्याचा दिवस द्या, काका. सकाळी कोरडं होतं. फिरून आल्यावरच का गळलं?"

रविवारी तिने एक डबा उतरवून पुसला आणि पातेल्यातल्या कढत पाण्यात निम्मा बुडवला. पाच मिनिटांनी दांड्याच्या मुळाशी थेंब धरला. तिने खाली चमचा लावला. एक भरला, दुसरा अर्धा भरला आणि थेंब थांबले. तिने डबा गार केला, पुन्हा तापवला. या वेळी एकही थेंब आला नाही.

सील शाबूत होतं. तापलेलं तेल फुगत होतं आणि फुगायला तिने जागाच ठेवली नव्हती. इथे हवा हवी होती, दीड चमचाभर. दुसऱ्या डब्यातून तिने तेवढंच तेल मोजून काढलं आणि दोन्ही परत चढवले.

संध्याकाळी लिमये पुन्हा मालगुंडला जाऊन आले. योगिनी बॅटरी घेऊन गाडीखाली गेली, दोन्ही डब्यांवरून बोट फिरवून बाहेर आली आणि बोट त्यांच्यापुढे धरलं. धूळ होती, तेल नव्हतं.

लिमयांनी तिथेच उभं राहून पुण्याला फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, विकली नाही. दुरुस्त झाली." मग फोन खिशात टाकत त्यांनी विचारलं, "किती टिकेल गं हे?"

"ते मलाही बघायचंय," योगिनी म्हणाली. "शिमगा झाला की आणा. उघडून बघते."