कदमांचा गवती चहा

कदम गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. वर पाण्याच्या टँकरचा मेसेज, खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि मधे ते. पुण्याला मुलीकडे गेले होते, आठवड्याभरात परत येणार होते. मी चहाचं आधण ठेवलं होतं, आणि ते गावाला गेलेत हे माहीत असूनही सवयीने दाराकडे कान होता... गॅस बंद केला. त्या दिवशी चहा झालाच नाही.

या पूनम सागर सोसायटीत आम्ही साधारण एकाच सुमाराला आलो, ते लालबागहून, मी गिरगावातून. वर्षानुवर्षं लिफ्टमधली ओळख, त्यापुढे काही नाही. माझी बायको गेल्यावर सगळे भेटून गेले आणि मग कुणीच येईना. तेव्हा एका सकाळी कदम चौथ्या मजल्यावरून खाली आले, हातात गवती चहाच्या चार पाती, दुमडून गाठ मारलेल्या. "नाईक, ही टाका आधणात. नुसता चहा काय पिताय," म्हणाले आणि आपणहून बसले. त्यांचीही बायको आधीच गेलेली, पण त्यावर आम्ही कधी बोललो नाही. चहा, पेपर आणि बंद लिफ्टपायी सेक्रेटरीचा उद्धार, एवढं आम्हाला पुरायचं. पुढे ते रोजच येऊ लागले.

त्यांच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये रंगाची एक जुनी बादली होती, तळाला भोकं पाडलेली. तिच्यात हे गवत असं माजलेलं की पाती ग्रिलबाहेर लोंबून खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागायच्या. त्यावरून भांडण झालं, तर कदमांनी मुळासकट एक फुटवा काढून त्यांच्याच हातात ठेवला. "भाभी, डब्बे में लगा दो, मरता नहीं है." भांडण मिटलं. असे फुटवे त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला वाटले. वॉचमनच्या केबिनमागेसुद्धा एक ठोंब आहे. मलाही पहिल्याच वर्षी आणून दिला होता. मी म्हटलं, "राहू द्या कदम, माझ्या खिडकीत ऊन येत नाही."

हे बोललो तेव्हा ते त्याच खिडकीशी खुर्ची ओढून उन्हात बसले होते. दुपारपर्यंत तिथे ऊन असतं. त्यांनी आपल्या पायांवरच्या उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाले आणि फुटवा परत पिशवीत ठेवला. पुन्हा तो विषय कधी काढला नाही. माझ्या घरात रोप लागलं असतं तर पाती घेऊन खाली यायचं कारण उरलं नसतं, हे मला कळत होतं... त्यांनाही कळलं असावं.

पुढे त्यांची मुलगी शिल्पा फ्लॅट रिकामा करायला आली. "काका, बाबांची आठवण म्हणून काहीतरी घ्या ना," म्हणाली. मी बादली मागितली. पाण्यावाचून पाती पिवळ्या पडल्या होत्या. त्या सगळ्या कापल्या, पाणी घातलं आणि बादली माझ्या खिडकीत ठेवली. कापताना बोटाला पातीची धार लागलीच.

आता नवी पात चांगली वीतभर आलीय. सकाळी थोडी कापतो, त्यांच्यासारखी गाठ मारायला जातो, ती सुटते. घरभर तोच वास येतो. त्याने बरं वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटत. खुर्ची अजून उन्हातच आहे. बेल वाजत नाही. रोप मात्र झकास लागलंय... माझ्या खिडकीत ऊन येत नाही, हे आता मी कुणाला सांगू?