गांगुर्डे सरांची काळी डबी आणि माझा संशयी स्वभाव

आदरणीय मनोहर गांगुर्डे सरांची पहिली भेट मला पक्की आठवते, कारण त्या दिवशी मी त्यांच्या मागे माणूस लावला होता. अंबडला माझं गाडीदुरुस्तीचं गॅरेज आहे. आयटीआयमधून नुकतेच निवृत्त झालेले सर आपली जुनी गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले. डॅशबोर्डवर साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी चिकटवलेली होती. पाटीवरचं माझं नाव वाचून ते म्हणाले, "निकम, ही तेवढी हलवू नका." मला वाटलं, आमचं बोलणं रेकॉर्ड होतंय, नाहीतर हा विमा कंपनीचा माणूस असणार. गाडी घेऊन सर निघाले तेव्हा मी वॉशिंगवाल्याला मोटारसायकलवरून मागे धाडलं. सर सरळ घरी गेले. मला त्याचाही संशय आला.

ती डबी गाडीचा वेग किती झपाट्याने वाढतो ते मोजते. शून्यापासून साठपर्यंत जायला किती सेकंद लागले, ते तिच्या छोट्या पडद्यावर दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं "पिकअप गेला", मेकॅनिक म्हणतो "तुम्हाला वाटतंय तसं". हे भांडण आकड्याने मिटावं म्हणून सरांनी रविवारी घरच्या हॉलमध्ये आम्हा गॅरेजवाल्यांना शिकवायला सुरुवात केली. विंचूरहून, मालेगावहून मेकॅनिक येत. फी नाही, वर सरांच्या पत्नी शोभाताईंच्या हातचा चहा. फुकट शिकवतात म्हणजे पुढे डब्या विकणार, असा माझा हिशोब. सरांनी आजवर एकही विकलेली नाही. उलट स्वतःची डबी त्यांनी मला दोन महिने वापरायला दिली, साधी चिठ्ठीही लिहून न घेता. इतका भरवसा टाकणाऱ्या माणसावर जरा लक्षच ठेवावं, असं माझं तेव्हा मत होतं.

सरांची शिस्त मात्र कडक. रहदारीच्या रस्त्यावर मोजणी कधीच करायची नाही. आमच्या भागातल्या एका बंद कारखान्याच्या आवारात सरळ रस्ता आहे. मालकांची रीतसर परवानगी काढून सरांनी तो मिळवला. टायरमधली हवा तपासायची, गाडीत दर वेळी तेवढीच माणसं बसवायची आणि एक फेरी जाताना, एक येताना करून दोन्हींची सरासरी काढायची. येतानाची फेरी मला पेट्रोलची उधळपट्टी वाटे. सर नसले की मी ती गाळायचो.

मग नाशिक रोडच्या एका गिऱ्हाइकाची गाडी इंजिनच्या मोठ्या कामाला आली. कामाआधी मोजलं तेव्हा आठ सेकंद. काम झाल्यावर नऊ. नवे पार्ट घालून गाडी मंदावलीच कशी? काम केलं होतं याकूबभाईंनी. हे मूळचे मालेगावचे, माझ्याकडचे सर्वांत जुने मेकॅनिक. नवे पार्ट बाहेर विकून यांनी जुनेच बसवले, हे मी एका क्षणात ठरवून टाकलं आणि सगळ्या कारागिरांसमोर एकेरीवर आलो.

"शेठ, पार्ट नवीनच टाकलेत. खोलून बघा ना," याकूबभाई म्हणाले.

"खोलायला दिलं की तेव्हा बदलशील!"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग ऱ्हाऊ द्या शेठ. डबीवर भरोसा हाय, माझ्यावर नाय. मी उद्यापासून येत नाय."

मी अडवलं नाही. कोणीतरी सरांना फोन केला असावा. अर्ध्या तासात सर हजर झाले, याकूबभाईंना थांबवून घेतलं आणि मला विचारलं, "दोन्ही वेळा कुठून कुठे गेलात?"

पहिल्या वेळी कारखान्याच्या गेटकडून आतल्या गोदामाकडे. दुसऱ्या वेळी गेटजवळ खडीचा ढीग पडला होता, म्हणून गोदामाकडून गेटकडे.

सर आम्हाला तिथे घेऊन गेले. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या त्या रस्त्यावर त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली ओतली. पाणी गोदामाच्या दिशेने निघालं. पहिल्या वेळी गाडी उतारावर पळाली होती, दुसऱ्या वेळी चढावर. मग खडीच्या ढिगाअलीकडून सरांनी दोन्ही बाजूंनी फेऱ्या केल्या. गेटकडून निघाल्यावर, जिथे आधी आठ लागले होते, तिथे आता सात लागले. काम चोख झालं होतं. 

"निकम," सर हळूच म्हणाले, "बोललात चारचौघांत. माफीही चारचौघांतच मागायची." गॅरेजवर परतून सगळ्या कारागिरांसमोर मी ती मागितली. याकूबभाईंनी पाना उचलला. आजही ते माझ्याकडेच आहेत.

पुढे एकदा मी सरांना विचारलं, "तुम्हाला त्यांचा थोडाही संशय आला नाही?" "आला होता की," सर म्हणाले. "पण मी तो आधी रस्त्यावर घेतला. रस्त्याला वाईट वाटत नाही."

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आणि ठणठणीत आयुष्य मिळो, ही मनापासून इच्छा. यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. माझा स्वभाव काही गेलेला नाही. कुठे काही बिघडलं की माझं पहिलं बोट आजही माणसाकडेच जातं, आणि ते खाली घ्यायला लावणारे सर मला अजून पुष्कळ वर्षं हवे आहेत.