थोरल्या मामांची बारी

इंटरनेट वापरणारी माणसं जगात चिक्कार असतील, पण ते पाटाच्या पाण्यासारखं वाहतं आणि म्हणून त्याची बारी लावून द्यावी लागते, हे ओळखलेला माणूस एकच, आणि तो माझा सख्खा थोरला मामा आहे. कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी त्यांचं गाव. उमेदीची सगळी वर्षं मामा गावच्या पाणी संस्थेचे चेअरमन होते. नदीचं पाणी मोटारीनं उचलून पाटात सोडायचं आणि ज्याची बारी त्याच्याच रानात वळवायचं, हा त्यांचा धर्म. वय झालं तसे ते संस्थेतून बाजूला झाले आणि नेमकं त्याच सुमारास घरात वायफाय आलं. घेतलं होतं सुनेनं, शाळेतल्या कामासाठी. ती शिक्षिका आहे. एका दमात पाच व्हिडिओ उतरवायला लावायची आणि पाचही रखडत बसायचे. मामांनी हे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एका पाटाला पाच ठिकाणी फोडल्यावर कुणाचं रान भिजणार, असं त्यांनी विचारलं. सुनेनं चार थांबवले, तसा पाचवा झरझर उतरला. त्या दिवशी मामांनी राऊटरखाली जे स्टूल टाकलं, ते अजून हललेलं नाही.

मला या कारभाराचं भारी कुतूहल. सुट्टी मिळाली की साताऱ्याहून मी मुद्दाम तो बघायला जातो. पाण्याचा नियम असा की सुरुवात शेपटाकडून करायची. नाहीतर तोंडाशी असणारे सगळं पिऊन टाकतात आणि शेवटचा कोरडाच राहतो. तोच नियम घरात. माडीवर अभ्यास करणारी नात स्वाती हे शेपूट, म्हणून पहिली बारी तिची. मग मागच्या सोप्यातल्या सूनबाई, मग पाहुणेरावळे. मामांचा स्वतःचा फोन राऊटरच्या बुडाशी, म्हणजे पाटाच्या तोंडाशी, म्हणून ते सगळ्यांत शेवटी. वायफायला तोंड नि शेपूट नसतं, असं मी एकदा समजावायला गेलो, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "मग माडीवर कमी का येतं रं?" 

फोन आपला आपण अपडेट होऊ लागला की मामांच्या लेखी ती पाणीचोरी. एका दिवाळीत जावईबापू आले. त्यांच्या खिशातला फोन मालकाला न विचारता सगळे फोटो कुठेतरी वर चढवत होता. राऊटरचे दिवे जादा लुकलुकताहेत हे मामांनी हेरलं आणि जावयाच्या हातात लाडवाची बशी देता देता फोन तेवढा काढून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवायला लावला. वैशाखात तर ते राऊटरला तासातासानं हात लावून बघतात. गरम लागला की बटण बंद. मोटार तापल्यावर जळायची वाट बघायची नसते, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी सून ऑनलाइन मीटिंगमध्ये असली तर ती बिचारी साहेबांच्या वाक्याच्या मध्येच नाहीशी होते.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. पण गेल्या मे महिन्यात एका दुपारी ते हसण्यावारी राहिलं नाही. माझ्या ताईच्या लग्नाचं शूटिंग केलेल्या सांगलीच्या कॅमेरावाल्यानं धंदा बंद केला होता. जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून त्यानं ज्याच्या त्याला लिंका पाठवल्या होत्या. शूटिंग मामांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांची लिंक स्वातीच्या फोनवर आली होती आणि तिनं ती पाहिली शेवटच्या दिवशी. संध्याकाळी ती बंद होणार होती. चार भल्यामोठ्या फायली. त्यांत ताईला बोहल्यावर आणताना तिच्या दोन बाजूंना दोन मामा होते, थोरले आणि धाकटे. दोघं भाऊ एकत्र दिसतील असं दुसरं चित्र घरात नव्हतं.

कारण त्या लग्नानंतर वर्षभरातच दोघांचं बोलणं तुटलं. धाकटे मामा मामीला घेऊन सांगलीच्या दवाखान्यात होते, त्यात त्यांच्या पाण्याची बारी चुकली. कोवळा ऊस वाळायला लागला. त्यांनी थोरल्याला एका रात्रीचं पाणी मागितलं. चेअरमनच्या भावाला बारी मोडून पाणी दिलं तर गाव काय म्हणेल, म्हणून मामांनी नाही म्हटलं. ऊस गेला, आणि धाकटे मामा पुन्हा या घराची पायरी चढले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांचा मुलगा ओढ्यापलीकडं राहतो. तोही येत नाही.

त्या दुपारी माडीवर स्वातीचे परीक्षेचे क्लास उतरत होते, त्यामागं रांगेत सुनेचे शाळेचे व्हिडिओ होते, मग माझ्या ऑफिसच्या फायली होत्या. मामांच्या चारही फायली आम्ही त्यांना न विचारता, बारीआधीच त्यांच्या फोनवर एकदम लावल्या होत्या आणि चारही जागच्या हलत नव्हत्या. आम्ही म्हणालो, आमचं राहू दे, तुमचं आधी होऊ दे. मामा ऐकेनात. लिंक साताऱ्याच्या मित्राला पाठवतो म्हटलं, तर ते लोकांच्या पाटाचं पाणी झालं. "माझी बारी शेवटची हाय. तवर टिकलं तर टिकलं," म्हणाले, आणि लिंकेची वेळ टळत चाललेली दिसत असूनही स्टुलावर बसून राहिले. मला त्यांचा राग आला, आणि दयाही.

सुनेनं मला डोळ्यानं खुणावलं. तिनं आपलं मागं घेतलं, मी माझं घेतलं, वर जाऊन स्वातीचंही बंद करवलं. मामांच्या तीन फायली थांबवून मी एकच पुढं सोडली. ती सुटली तशी धावत सुटली. मामांनी दिव्यांकडे पाहिलं आणि ओळखलं. बारी कुणी मोडली, असं त्यांनी दरडावून विचारलं.

सून पदर सावरत पुढं आली. "आवं मामंजी, बारी कुणी मोडली न्हाई. आमची बारी आमी तुमास्नी दिली. आपली बारी दुसऱ्याला देऊ नये, असा काय नेम हाय का?"

मामा राऊटरच्या दिव्यांकडे बघत राहिले. एकामागून एक फायली उतरत राहिल्या. त्यांनी एकदाही फोनकडे पाहिलं नाही.

"नेम न्हवता," ते म्हणाले. "धाकट्यानं पाणी मागितलं तवा माझी सवताची बारी दुसऱ्याच दिवशी हुती की रं. माझा ऊस मोठा हुता, तग धरला असता. तीच त्याला दिली असती तर गावानं काय म्हटलं असतं? मला सुचलंच न्हाई बघ."

एवढ्या वर्षांत आम्हा कुणालाच ते सुचलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. लिंक बंद व्हायच्या आत चौथी फाईलही आली. पडद्यावर ताईच्या एका बाजूला ते होते, दुसऱ्या बाजूला धाकटे मामा, टोपी सारखी करत कॅमेऱ्याकडं बघून हसणारे. मामांनी ते अर्धंच पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हे ओढ्यापलीकडं त्याच्या पोराला धाड," ते म्हणाले. "बाकीच्यांचं आधी चालू होऊ दे. माझ्या बारीत जाऊ दे त्याला."